मैदान, मालकी आणि बहिष्कार

'बहिष्कार' हा शब्द मराठीत दोन दिशांनी आला, आणि त्या दोन्ही दिशा अजून त्याच्या पोटात नांदत आहेत. जुन्या अर्थी बहिष्कार हे जातीचे शस्त्र. पंचायतीने अथवा धर्मपीठाने एखाद्याला वाळीत टाकावे, त्याचे पाणी बंद करावे, त्याच्या घरचे लग्न ओस पाडावे, हे त्याचे रूप. येथे क्रिया समूहाची आणि भोग व्यक्तीचा. नव्या अर्थी बहिष्कार म्हणजे आपण होऊन निघून जाणे. १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्या शेतावर कुणी राबायचे नाही, त्याला कुणी माल विकायचा नाही, असे कुळांनी ठरवले आणि त्या कारभाऱ्याचे आडनाव इंग्रजी कोशात क्रियापद होऊन बसले. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसनंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला 'बहिष्कार' आला तो या दुसऱ्या अर्थाने. तरीही पहिला अर्थ मेला नव्हता. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले, ते तो अर्थ किती जिवंत आहे हे सांगण्यासाठीच.

आज फुटबॉलच्या जगात क्लबचा मालक नकोसा झाला की सामन्यांकडे पाठ फिरवावी की नाही, याचा खल प्रेक्षक करतात. आपण गेलो नाही तर मालकाचे नुकसान होईल की आपल्याच संघाचे, हा त्या वादाचा गाभा असतो. हा प्रश्न मुंबईला नवीन नाही. फरक एवढाच की मुंबईत तो क्रिकेटच्या निमित्ताने उपस्थित झाला, आणि तेथे मालक म्हणजे एखादा धनिक नसून कधी सरकार होते, कधी जिमखाना, तर कधी प्रेक्षागाराची मालकी असलेला क्लब. मैदानावरील बहिष्कार यशस्वी केव्हा होतो आणि पोकळ केव्हा ठरतो, हे या शहराच्या सुमारे शंभर वर्षांच्या अनुभवातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

या इतिहासाचा आरंभ बहिष्काराने होत नाही, अर्जाने होतो. १८७५ साली स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना हा गोऱ्यांचा. एस्प्लनेडच्या मैदानावर पारशी, हिंदू आणि मुसलमान पोरे क्रिकेट खेळत आणि त्याच मैदानावर मूठभर युरोपियन आठवड्यातून काही दिवस पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची चाळण होई. गोऱ्यांचे स्वतःचे क्रिकेटचे मैदान मात्र राखीव आणि हिरवेगार. १८८१ च्या सुमारास एतद्देशीय क्रिकेटपटूंनी शेकडो सह्यांचा अर्ज सरकारकडे केला. सरकारने एकदा अर्जदारांच्या बाजूने कौल दिला आणि मग तो फिरवलाही. या लढ्याची हकीकत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली पुस्तकरूपाने लिहून ठेवली. भारतीय खेळाच्या इतिहासलेखनाची ती गंगोत्रीच होय, आणि ती एका तक्रारअर्जातून उगम पावली हे लक्षणीय आहे.

अर्जदारांनी बहिष्काराचा मार्ग का स्वीकारला नाही? उत्तर सोपे आहे. त्यांच्याजवळ काढून घेण्यासारखे काही नव्हते. ते खेळले नसते तर पोलोवाल्यांना आनंदच झाला असता. बहिष्कार घालण्यासाठी आधी आपली गरज कुणाला तरी असावी लागते. ती गरज निर्माण व्हायला आणखी काही वर्षे लागली. पारशी जिमखान्याला १८८७ साली समुद्रकाठी जागा मिळाली, नंतरच्या दशकात मुसलमानांचे आणि हिंदूंचे जिमखाने त्याच ओळीत उभे राहिले. जातीजमातींच्या या जिमखान्यांतूनच पुढे स्पर्धा जन्मली. १९०७ साली तिरंगी, १९१२ साली मुसलमानांच्या प्रवेशाने चौरंगी, आणि १९३७ साली ख्रिस्ती, ज्यू वगैरेंच्या 'इतर' संघामुळे पंचरंगी. गोऱ्यांना आता सामन्यासाठी प्रतिस्पर्धी हवे होते. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले तेव्हा तर एतद्देशीय संघाशिवाय मुंबईच्या क्रिकेटचा हंगाम कल्पनेतही येईनासा झाला.

त्या विजयाचा एक प्रमुख शिल्पकार पालवणकर बाळू. धारवाडात जन्मलेला, चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखू लागला, आणि पुढे पूना क्लबात महिना चार रुपयांवर नोकरीला लागून गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करू लागला. त्या डावखुऱ्या हाताची कीर्ती झाल्यावर पुण्याच्या हिंदूंना त्याची गरज भासली. त्यांनी त्याला संघात घेतले. चहापानाच्या वेळी मात्र तो तंबूबाहेर, त्याचा चहा मातीच्या भांड्यात, त्याचे जेवणाचे ताट वेगळे. म्हणजे एकाच माणसाला मैदानावर बोलावणे होते आणि मैदानाच्या कडेला बहिष्कार होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. त्याच वर्षीच्या जुलैत कलकत्त्यात मोहन बागानच्या अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. फुटबॉलचा तो विजय राष्ट्रीय काव्याचा विषय झाला. बाळूंचे बळी बराच काळ आकडेवारीत पडून राहिले. सत्कार झाले, मानपत्रे मिळाली, पण हिंदूंच्या संघाचे नेतृत्व मिळाले नाही.

नेतृत्वाचा प्रश्न १९२० साली पेटला. त्या वर्षी चौरंगी सामने डिसेंबरात पुण्यास व्हायचे होते. कप्तानपदी एम. डी. पै यांची निवड झाली आणि बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा त्यांचे धाकटे बंधू शिवराम आणि विठ्ठल हे दोघे संघातून बाहेर पडले, आणि गुपचूप बाहेर न पडता आपली भूमिका त्यांनी जाहीर निवेदनाने मांडली. गुणाने नव्हे तर जातीने निवड होते, असा त्यांचा रोकडा आरोप होता. त्याच महिन्यात नागपूरच्या काँग्रेसमध्ये असहकाराचा ठराव मंजूर झाला. शाळा, न्यायालये, विधिमंडळे आणि परदेशी कापड यांवर बहिष्कार घालण्याचा तो काळ. परकीय सत्तेविरुद्ध सारा देश जे शस्त्र उचलत होता तेच शस्त्र या दोघा भावांनी स्वकीयांविरुद्ध उचलले, आणि शब्दाचे दोन्ही अर्थ त्या क्षणी एकमेकांसमोर येऊन उभे ठाकले. ज्यांच्यावर पिढ्यानुपिढ्या बहिष्कार होता त्यांनी बहिष्कार घातला.

हा बहिष्कार यशस्वी झाला, आणि लवकर झाला. पुढच्या सामन्यासाठी तडजोड होऊन बाळू उपकप्तान म्हणून संघात परतले, त्यांच्यामागून भाऊही परतले. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी स्पर्धा जिंकली. या यशाचे श्रेय सवर्ण समाजाच्या हृदयपरिवर्तनाला देण्याची पद्धत आहे. ते पूर्णपणे खोटे नाही, परंतु अपुरे आहे. दोघे भाऊ उत्तम फलंदाज नसते तर त्यांचे निवेदन कुणी छापले असते, पण निवड समितीने वाचले नसते. शिवाय लोकमत त्यांच्या बाजूला झुकले त्याचे कारण अस्पृश्यतानिवारणाची चळवळ जितके होते तितकेच हेही होते की प्रेक्षकाला आपला संघ जिंकायला हवा होता. हे सांगण्यात कमीपणा नाही. विठ्ठलरावांच्या १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'माझे क्रीडा-जीवन' या आत्मचरित्राकडे मराठी समीक्षेने जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिलेले नाही. दलित आत्मकथनांची चर्चा साठोत्तरी साहित्यापासून सुरू करण्याची आपल्याकडील सवय त्याला कारण असावी.

यानंतरचा बहिष्कार अगदी वेगळ्या जातकुळीचा. १९३३ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला. बॅकबेच्या भराव घातलेल्या जमिनीवर त्याने प्रेक्षागार बांधले आणि गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांचे नाव त्याला दिले. जमिनीसाठी घासाघीस चालली असता, पैसे हवेत की अमरत्व, असा सवाल अँथनी डिमेलो यांनी गव्हर्नरला टाकला, ही आख्यायिका पुष्कळदा सांगितली जाते. १९३७ च्या डिसेंबरात प्रेक्षागाराचे उद्घाटन झाले आणि मोकळ्या मैदानावरची स्पर्धा भिंतींच्या आत आली. हा बदल वरवर सोयीचा दिसला तरी मुळापासूनचा होता. मैदानावर तंबू ठोकून आपापल्या सभासदांची सोय करणे जिमखान्यांच्या हाती होते, आणि ज्याच्या खिशात दमडी नाही तो झाडावर चढून सामना पाही. भिंत आली तसे आसन आले, आसनाला क्रमांक आला, आणि ते कुणाच्या हाती, हा वाद आला. हिंदू जिमखान्याला दिलेली आसने अपुरी आहेत म्हणून हिंदूंनी त्या वर्षीच्या स्पर्धेतून अंग काढून घेतले. मुसलमानांनी ती जिंकली.

वर्तमानपत्रांतून या माघारीला स्वाभिमानाचा रंग चढला असला तरी तो दोन संस्थांमधला हिशेबाचा तंटा होता. १९२० च्या माघारीत माणसाची प्रतिष्ठा पणाला लागली होती, १९३७ च्या माघारीत सभासदांची आसने. दोन्हींना एकच शब्द लागू करावा लागतो ही भाषेची अडचण आहे. आणि ज्या सामान्य प्रेक्षकाच्या नावाने भांडण झाले तो तर कोणत्याच जिमखान्याचा सभासद नव्हता. वर्गणी भरणाऱ्यांसाठी किती खुर्च्या, यावर मोठ्यांचे बिनसले आणि लहानाला हिंदूंचा खेळ पाहायला मिळाला नाही. पुढल्या वर्षी हिंदू परत आले.

खरा वादविवाद १९४० साली झाला, आणि त्याचा विषय आसनांहून कितीतरी मोठा होता. धर्मवार संघांची ही स्पर्धा मुळात असावीच का? सविनय कायदेभंगाच्या काळात, १९३० ते १९३३ या वर्षांत, ती भरलीच नव्हती आणि १९३४ साली ती पुन्हा सुरू झाली. त्या खंडाचे कारण राजकीय होते. स्पर्धेच्या स्वरूपाला त्यात आव्हान नव्हते. १९४० च्या ऑक्टोबरात वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला, पुढारी तुरुंगात जाऊ लागले, युरोपात युद्ध पेटलेले, आणि मुंबई पंचरंगीच्या तिकिटांसाठी धडपडत होती. डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी गांधीजींना भेटायला वर्ध्याला गेले. महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे सामने समजू शकतात, पण हिंदू, मुसलमान, पारशी अशा संघांची गरज काय, अशा आशयाचे मत देऊन गांधीजींनी हे सामने बंद पाडू पाहणाऱ्यांना आपली सहानुभूती जाहीर केली. क्रिकेटशी ज्यांचा सुतराम संबंध नव्हता त्या माणसाच्या चार वाक्यांनी मुंबईच्या क्रीडाविश्वात खळबळ माजली.

वादाच्या दोन्ही बाजू आज वाचताना त्यांतील कोणतीच सर्वस्वी हास्यास्पद वाटत नाही, हे त्या काळाचे वैशिष्ट्य होय. समर्थक म्हणत, या स्पर्धेनेच भारतीय क्रिकेट घडवले. मैदानावर हिंदू आणि मुसलमान खेळाडू एकमेकांना टाळ्या देतात, दंगली होतात त्या गल्ल्यांतून, आणि त्यांचे खापर खेळावर फोडण्याने दंगली थांबणार नाहीत. विरोधकांचे म्हणणे असे की संघाची धर्मवार विभागणी एकदा स्वाभाविक मानली की मतदारसंघांची आणि देशाचीही तशी विभागणी स्वाभाविक वाटू लागते. सय्यद अब्दुल्ला ब्रेल्वी यांच्या 'बॉम्बे क्रॉनिकल'ने आणि त्या पत्राचे क्रीडासंपादक जे. सी. मैत्रा यांनी विरोधाची बाजू चिकाटीने लढवली. या विरोधामागे निव्वळ तत्त्व होते, असे मात्र समजू नये. १९३४ साली सुरू झालेल्या प्रांतवार रणजी स्पर्धेला प्रेक्षक फिरकत नसत आणि पंचरंगीला जागा पुरत नसे. नियामक मंडळाला आणि संस्थानिक आश्रयदात्यांना हा सवतीमत्सर सलत होता. रामचंद्र गुहा यांनी या वादातील राष्ट्रीय ऐक्याचा धागा ठळक केला, तर बोरिया मजुमदार यांनी त्यामागील व्यापारी स्पर्धेकडे बोट दाखवले. दोन्ही धागे एकाच वस्त्रातले आहेत असे मानणे अधिक सयुक्तिक.

अखेर हिंदू जिमखान्याच्या सभेत मते विभागली गेली आणि हिंदूंनी त्या वर्षी माघार घेतली. स्पर्धा झालीच. पुन्हा मुसलमान संघ जिंकला. आणि १९४१ साली हिंदू परत आले, जिंकले, आणि प्रेक्षकांनी पूर्वीसारखीच गर्दी केली.

एवढा मोठा नैतिक प्रश्न एका वर्षात कसा विरला? त्याचे उत्तर बहुधा निर्णय घेणाऱ्यांच्या घडणीत आहे. खेळायचे की नाही हे जिमखान्याच्या सभासदांनी ठरवले. पाहायचे की नाही हे प्रेक्षकाला कुणी विचारले नाही. संघ मैदानावर आला की तो जाई, आला नाही की जात नसे. त्याचा निर्णय म्हणून काही घडलाच नाही, म्हणून तो टिकलाही नाही. शिवाय तोवर नभोवाणी आली होती. १९३४ पासून ए. एफ. एस. तल्यारखान यांच्या धावत्या समालोचनाची शहराला गोडी लागली होती. मैदानाकडे पाठ फिरवूनही सामन्याशी नाते न तोडण्याची सोय झाली. जो तिकीट काढीत नाही पण इराण्याच्या हॉटेलात कान लावून बसतो, त्याला बहिष्कार घालणारा म्हणावे की न म्हणावे? दूरचित्रवाणीच्या काळात फुटबॉलच्या चाहत्यांपुढे हाच पेच कितीतरी मोठ्या प्रमाणात उभा राहिला आहे, कारण आता मालकाची मिळकत दारावरच्या तिकिटापेक्षा पडद्यावर अधिक अवलंबून असते.

१९४२ च्या आंदोलनाने स्पर्धेत पुन्हा खंड पडला. १९४३ च्या अंतिम सामन्यात 'इतर' संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांनी काढल्या. सांगलीचा हा मराठी ख्रिस्ती खेळाडू हिंदूंविरुद्ध झुंजत होता आणि ब्रेबोर्नवरचे हिंदू प्रेक्षक त्याच्या धावा मोजत होते. १९४४ साली मुसलमानांनी हिंदूंना अवघ्या एका गड्याने हरवले, तो सामनाही विखार न होता पार पडला. समर्थकांच्या युक्तिवादाला याहून चांगला पुरावा मिळाला नसता, आणि तरीही विरोधक बरोबर ठरले. १९४६ नंतर ही स्पर्धा पुन्हा भरली नाही. ती कोणत्याही बहिष्काराने बंद पडली नाही. फाळणीच्या छायेत तिचा आधारच नाहीसा झाला.

आसनांचा वाद मात्र जिवंत राहिला. स्वातंत्र्यानंतर कसोटी सामने ब्रेबोर्नवर होत, यजमानपद मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे आणि वास्तू क्रिकेट क्लबाची. असोसिएशनला किती आसने, हा तंटा १९३७ च्याच तंट्याचा नातू होता. या वेळी कुणी माघार घेतली नाही. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे विदर्भातले राजकारणी, त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष. क्लबाच्या बाजूला विजय मर्चंट. बोलणी फिसकटली तेव्हा वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर दुसरे प्रेक्षागार उभारायला घेतले, शशी प्रभू यांनी त्याचा आराखडा केला, आणि सुमारे वर्षभरात ते उभे राहिले. १९७५ च्या जानेवारीत तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा केल्या, त्यांचे अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारले आणि नव्या कोऱ्या वास्तूत दंगल उसळली. ब्रेबोर्नला पुढची कसोटी पाहण्यासाठी २००९ साल उजाडावे लागले. मालकाशी पटत नसेल तर आपले घर बांधावे, हा बहिष्काराहून कितीतरी परिणामकारक उपाय. तो करायला मात्र सरकारदरबारी वजन लागते, आणि ते प्रेक्षकाजवळ नसते.

इंग्लंडमधील ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावातल्या फुटबॉल क्लबाचे उदाहरण येथे तुलनेला घेण्यासारखे आहे. ऑयस्टन कुटुंबाने क्लबाचा पैसा काढून घेतला या रागाने तेथील हजारो चाहते काही वर्षे आपल्याच संघाच्या घरच्या सामन्यांना गेले नाहीत. वडिलांनी बोट धरून जेथे नेले त्या प्रेक्षागाराबाहेर उभे राहून त्यांनी शनिवार काढले. जे आत जात त्यांच्याशी त्यांचे वाद झाले. आत जाणारे म्हणत, खेळाडूंचा काय दोष? अखेर मालकाला हटवले ते न्यायालयाने. भागीदार व्हालेरी बेलोकोन यांनी २०१७ साली दावा जिंकला, २०१९ च्या फेब्रुवारीत क्लबावर व्यवस्थापक नेमला गेला, आणि मार्चमधल्या पहिल्या घरच्या सामन्याला पंधरा हजारांहून अधिक माणसे परत आली. बहिष्काराने मालक गेला नाही असे म्हणता येईल. पण ओस पडलेल्या बाकांनी मालकाचे नैतिक दिवाळे रोज जगाला दाखवले नसते, तर त्या निकालाचा उत्सव झाला नसता हेही तितकेच खरे. मुंबईच्या १९४० शी तुलना केली तर मुख्य भेद दिसतो तो हा की तेथे निर्णय प्रेक्षकाचा स्वतःचा होता आणि त्याची किंमत त्याने स्वतः मोजली होती.

कोल्हापुरात हा प्रश्न या स्वरूपात उद्भवतच नाही. तेथले फुटबॉल पेठांचे आणि तालमींचे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाळ, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावे कुस्तीच्या आखाड्यांतून आणि गल्लीच्या गणेशोत्सवांतून आलेली. शाहू स्टेडियमवर बसलेला प्रेक्षक आणि तालमीचा कार्यकर्ता ही बहुधा एकाच घरातली माणसे. मालक वेगळा नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध निघून जायचे तरी कुठे? तेथे भांडण होते ते शेजारच्या पेठेशी, आणि ते चांगलेच होते.

ज्या मोहन बागानच्या १९११ च्या विजयाचा वर उल्लेख आला, त्याच्याच वाट्याला शंभर वर्षांनंतर मालकीचा प्रश्न आला. २०२० साली या क्लबाचा फुटबॉल विभाग एटीके या व्यावसायिक संघाच्या मालकांशी जोडला गेला आणि क्लबाच्या नावाआधी त्या संघाचे नाव लागले. चाहत्यांच्या एका गटाने ते उपरे नाव काढून टाका म्हणून आंदोलन आरंभले. सामन्यांना जायचे की नाही यावर त्यांच्यात फूट पडली. कुणी गेले नाही, कुणी फलक घेऊन आत गेले, कुणी दोघांनाही दोष दिला. १८ मार्च २०२३ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर बंगळूरला नमवून संघाने अजिंक्यपद मिळवले. त्याच रात्री मालक संजीव गोएंका यांनी ते नाव वगळल्याची घोषणा केली. घराबाहेर राहिलेल्यांनी ती आपल्या बहिष्काराची फलश्रुती मानली आणि आत बसून ओरडलेल्यांनी आपल्या ओरडण्याची. नव्या नावात मात्र 'मोहन बागान'च्या पुढे 'सुपर जायंट' ही अक्षरे आली. गोएंकांच्या लखनऊच्या क्रिकेट संघाच्या नावातही तीच अक्षरे होती.